चौदा किलोमीटर

"रेवती, तेरी मम्मी का फोन लग रहा है क्या?"

पहाटेचे पावणेपाच झाले होते. फोनवर साधना आंटी होत्या आणि त्यांच्या आवाजामागून एकेक ट्रक जाताना ऐकू येत होता. मी गाझियाबादला, आईच्या वसुंधरातल्या फ्लॅटमध्ये तिच्याच पलंगावर तिची रजई घेऊन पडले होते. झोप लागलेलीच नव्हती.

"नहीं आंटी. आप लोग साथ नहीं हैं?"

"मेरा टायर फट गया, गजरौला के बाद. विश्वनाथजी मेरे पास रुक गए. नीलू को मैंने ही भगाया, कि तू निकल, तेरा तो तीसरा चक्कर है. पर बेटा, कोहरा बहुत है. अपना हाथ नहीं दिख रहा. तू बस… ज़रा देख ले ना."

काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आईचा, त्यांच्या नीलूचा, फोन बंद होता. थंडीत तिच्या फोनची बॅटरी अशीच मान टाकायची. मी स्वेटरवर तिचंच जाकीट चढवलं आणि पाच वाजता गाडी बाहेर काढली.

आई तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता ती, साधना आंटी आणि विश्वनाथ पाध्ये काका इंदिरापुरममधल्या एका सायकलच्या दुकानासमोरून निघाले होते. हापूड, गजरौला, मुरादाबाद करत रामपूरच्याही पुढे जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. एकूण चारशे किलोमीटर, सत्तावीस तासांत. याला ब्रेव्हे म्हणतात. ही शर्यत नव्हे. पहिला कोण, दुसरा कोण हे कुणी विचारत नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी, बहुतेक एखाद्या ढाब्यावर, एक स्वयंसेवक शिक्का घेऊन बसलेला असतो. दिलेल्या वेळेच्या आत तिथं पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा, एवढंच. वेळेत सगळे शिक्के मिळाले तर चारशे झाली. नाही मिळाले तर नाही झाली.

आईची दोनशे झाली होती, तीनशे झाली होती. चारशे दोनदा हुकली होती. एकदा चेन तुटली. दुसऱ्यांदा ती शेवटच्या ठिकाणी अकरा मिनिटं उशिरा पोचली. त्यानंतर महिनाभर ती 'अकरा' हा आकडा उच्चारायचा झाला की थोडी थांबायची.

हे वेड तिला लागलं ते कारखाना बंद झाल्यावर. साहिबाबादच्या एका कारखान्यात टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनायच्या आणि आई तिथं बावीस वर्षं तपासणीला होती. एका अंधाऱ्या खोलीत बसायचं. समोरच्या पट्ट्यावरून पेटलेली ट्यूब यायची. आधी पूर्ण लाल, मग हिरवी, मग निळी, मग पांढरी. त्यात कुठं ठिपका, कुठं डाग, कुठं रंग फिका दिसला तर काचेवर खडूनं फुली मारायची. अठ्ठावीस सेकंदांत एक. आम्ही दिल्लीकडं आलो त्या वर्षी घराघरात रंगीत टीव्ही येत होते आणि कारखान्याला तीन पाळ्याही पुरत नव्हत्या. मी नोकरीला लागून गुडगावला गेले तेव्हा भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही आले आणि पाळ्या एकेक करून कमी झाल्या. शेवटी गेटला कुलूप लागलं. बाबा त्याच्या नऊ वर्षं आधीच गेले होते.

मग आई घरात बसेना. बसायची म्हणजे टेकायची आणि उठायची. पलंगाची जागा बदलायची, आठवड्यानं परत बदलायची. दुपारी गच्चीवर चकरा मारायची. मी फोन केला की विचारायची, "बोल, काय काम होतं?" जसं काही तिला कुठंतरी पोचायचं होतं आणि मी वाटेत अडवलं होतं. एका रविवारी साधना आंटी, ज्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात आणि शाळेत पीटी शिकवतात, तिला आपल्या मुलाच्या जुन्या सायकलवर घेऊन गेल्या. संध्याकाळी आईचा फोन आला. "अगं, आज सायकलनं पार डासन्यापर्यंत जाऊन आले," ती म्हणाली. तिचा श्वास अजून फुललेला ऐकू येत होता.

त्या पहाटे डासन्याच्या पुढे धुक्यात रस्ता उरला नव्हता. डिव्हायडरची काळी-पांढरी कड धरून मी गाडी चालवत होते. पिलखुव्याच्या अलीकडे अचानक समोर उसाची भिंत उभी राहिली. ती ट्रॉली होती. तिला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी ब्रेक दाबला आणि नंतर स्टीअरिंग सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. गाडीत बसून माझी ही अवस्था. त्या रस्त्यावर साखर कारखान्याकडे जाणाऱ्या अशा शेकडो ट्रॉल्या होत्या.

हापूड मागे गेलं. सिंभावलीच्या कारखान्याचा मळीचा वास आला तेव्हा मी डिव्हायडरमधल्या कटवरून गाडी वळवली आणि परतीच्या बाजूनं डाव्या कडेला लागून हळूहळू येऊ लागले. सव्वासहाच्या सुमारास एक लाल ठिपका दिसला. लुकलुकणारा. मग पिवळं जाकीट, मग उजव्या पायाच्या पँटला लावलेला कपडे वाळत घालायचा चिमटा.

मला हाक मारायची होती. काच खाली केली आणि परत वर केली. ब्लिंकर लावले, फॉगलाइट लावले आणि पंधरा पावलांचं अंतर ठेवून तिच्या मागे लागले.

नियम मला माहीत होता. कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला होता आणि आईनं तो चष्मा लावून मला वाचून दाखवला होता. दोन शिक्क्यांच्या मध्ये बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं, पाणी आपलं आपण विकत घ्यायचं. सोबतीला गाडी चालवायची नाही, ना पुढे, ना मागे. घरच्यांनी भेटायचं तर शिक्क्याच्या ठिकाणीच भेटायचं.

थोड्या वेळानं आईनं डावा हात उचलला आणि पुढं जा म्हणून हलवला. मागं कोण आहे हे तिला तेव्हा कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला तो हात दिसला होता. तो दिसलाच नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

तिनं परत हात केला नाही. माझ्या दिव्यांत तिच्यापुढचा रस्ता थोडा उजळला होता. खड्डे आधी दिसत होते. मागून येणारे ट्रक माझे ब्लिंकर बघून लांबून वळसा घालत होते. दोनेक किलोमीटर गेल्यावर तिचे खांदे खाली आले. तोवर ते कानांपर्यंत चढलेले होते, हे ते खाली आल्यावर मला कळलं. एक ट्रॉली आली, तिला आम्ही दोघींनी ओलांडलं. मग दुसरी. मी मीटरवर नजर ठेवून होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. चौदा किलोमीटर मी तिच्या मागे होते.

हापूडच्या अलीकडच्या ढाब्यावर शिक्क्याचं टेबल होतं. चिराग नावाचा तरुण तिथं रात्रभर ब्लँकेट लपेटून बसला होता. तो गुडगावला माझ्याच ऑफिसच्या पलीकडच्या टॉवरमध्ये काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हे. आई सायकलवरून उतरली. तिच्या भुवयांवर दव साचलं होतं. घड्याळात सात पंचवीस. टेबल बंद व्हायला अजून सत्तावीस मिनिटं होती.

"वाह आंटी! बिल्कुल टाइम पे. लाइए कार्ड," चिराग उठून म्हणाला. "अब तो हो गया समझो. बयालीस किलोमीटर बचे हैं."

आईनं हातमोजा दातांनी ओढून काढला, खिशातून कार्ड काढलं, पण दिलं नाही.

"चिराग, मोहर मत लगाओ. मेरे पीछे गाड़ी थी. चौदह किलोमीटर."

चिरागनं माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर उभ्या माझ्या गाडीकडे, जिचे ब्लिंकर मी बंद करायचे विसरले होते.

"आंटी, मैंने तो कुछ नहीं देखा."

"तुमने नहीं देखा, ठीक है. मैंने तो देखा ना."

"कोहरे में कौन किसकी गाड़ी…"

"मेरी बेटी की है," आई म्हणाली. ओळख करून द्यावी तशी.

मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. चुलीपाशी जागा होती, तिथं.

"आई, काय चाललंय हे? तू मला बोलावलं नव्हतंस. माझी मी आले. यात तुझा काय दोष?"

"तुझा पण नाही. तू येणारच. मुलगी आहेस."

"मग?"

"मी थांबायला हवं होतं. उतरून तुला सांगायला हवं होतं, की जा. एकदा हात केला मी. परत नाही केला."

"मला दिसला नाही तो," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि ते तसंच राहू दिलं. चुलीवर हात शेकत ती खालच्या आवाजात म्हणाली, "सिंभावलीपर्यंत मी फार घाबरले होते गं. दोनदा वाटलं, इथंच कडेला बसून राहावं उजाडेपर्यंत. मग मागून उजेड आला. म्हटलं, आता बरं वाटतंय तर वाटू दे."

"हेच म्हणतेय मी! जिवावरचं होतं ते. ट्रकखाली जायचं होतं का तुला?"

"नाही. म्हणून तर मदत झाली म्हणतेय. झाली नसती तर कशाला सांगितलं असतं?"

मला तेव्हा तिचा राग आला. आजही ते चुलीपाशी उभं राहणं आठवलं की आधी रागच येतो, बाकीचं नंतर.

मी शाळेत असताना एका दिवाळीच्या आधी असंच झालं होतं. मागणी इतकी होती की पट्टा थांबत नव्हता. आईचं डोकं दुखत होतं. शेवटच्या तासाला तिनं चाळीसेक ट्यूब नुसत्याच पुढं जाऊ दिल्या, पेटलेल्या पडद्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुपरवायझरला जाऊन सांगितलं. तो तिच्यावर ओरडला, पण गोदामातून खोकी परत आणावी लागली. ती सगळी उघडली. एकही ट्यूब खराब निघाली नाही. कारखाना आठवडाभर हसत होता. बाबासुद्धा जेवताना म्हणाले, "मग काय मिळवलंस, नीला?" आई भात कालवत म्हणाली, "मी बघितल्या नव्हत्या ना पण."

चिराग शिक्का हातात घेऊन ताटकळला होता. त्यानं शेवटचा प्रयत्न केला. "आंटी, रीज़न लिखना पड़ता है. मैं क्या लिखूँ?"

"दो, मैं लिखती हूँ."

तिनं पेन घेतलं आणि कार्डावरच्या त्या ठिकाणच्या चौकोनात बारीक, उभट अक्षरांत लिहिलं: मागे गाडी, चौदा कि.मी. तारीख घातली. वेळ घातली. मग त्याला म्हणाली, "अब चाय पिलाओ. और तुम भी पियो, नीले पड़ गए हो."

साधना आंटी आणि विश्वनाथ काका धुक्यातून उगवले तेव्हा टेबल बंद व्हायला आठ मिनिटं होती. शिक्के घेऊन होईपर्यंत त्यांना काही कळलं नाही. कळल्यावर साधना आंटींनी हेल्मेट बाकावर आपटलं.

"पागल है क्या तू? फोन मैंने किया था इसको! मेरा कार्ड फाड़ दे चिराग. मेरी वजह से हुआ है."

"तेरे पीछे गाड़ी थी?" आईनं विचारलं.

"नहीं, पर…"

"तो बैठ. पराठा खा."

विश्वनाथ काका बँकेतून निवृत्त झालेले. शांत माणूस. रामपूरच्या पुढे जाऊन आलेल्या माणसाच्या मानानं फारच नीट भांग पाडलेला होता त्यांनी. ते म्हणाले, "नीलाताई, हा अतिरेक आहे हं. अशानं आम्हालाही एकेक आठवायला लागेल. मुरादाबादला मी एका ट्रॉलीच्या आडोशानं अर्धा किलोमीटर आलो. वारा अजिबात लागला नाही. तेही लिहू?"

"ट्रॉली तुमच्या मुलीची होती का?"

"मला मुलगाच आहे. आणि तो मला मागून धक्कासुद्धा देणार नाही."

"मग नका लिहू."

साधना आंटी हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई मात्र खरोखरच हसत होती. लोणी आणखी मागत होती. मी एकटीच उभी होते. मला बसवत नव्हतं.

"चल," मी शेवटी म्हटलं. "सायकल इथं ठेवू. चिराग टेम्पोतून आणेल. तू गाडीत बस, हीटर लावते."

"का?"

"का म्हणजे? संपलं ना आता."

"बेचाळीस राहिलेत की," ती म्हणाली.

तिनं हातमोजे चढवले. साधना आंटींना म्हणाली, "तुम लोग आगे निकलो. मैं अब इसमें नहीं हूँ. मेरी आड़ में चलोगे तो तुम्हारा भी जाएगा." त्या पुन्हा काही बोलणार तेवढ्यात विश्वनाथ काकांनी त्यांची सायकल त्यांच्या हातात दिली. दोघं गेले. आईनं दहा मिनिटं थांबून दुसरा चहा घेतला आणि मग माझ्याकडे वळली.

"तू पण जा. पुढे. थेट दुकानापाशी जाऊन थांब. वाटेत उभी राहू नकोस."

"आई, धुकं अजून…"

"उजाडलंय आता. आणि रेवती, ऐक. गाडीची इंडिकेटरं बंद कर. केव्हाची चालू आहेत."

त्या बेचाळीस किलोमीटरसाठी मला सव्वा तास लागला. पिलखुव्याला चादरींच्या दुकानांसमोर मी गाडी बाजूला घेतली, आरशात बघत बसले आणि मग कुणीतरी रागावल्यासारखी निघाले. डासन्याला पुन्हा तेच. दुकानापाशी पोचले तेव्हा तिथं पोहणाऱ्यांसारखे टॉवेल खांद्यावर टाकून दहा-बारा जण उन्हाची वाट बघत होते. समोर अर्धवट बांधलेले टॉवर होते आणि त्यांच्यावर हिरवळीवर हसणाऱ्या कुटुंबाचं होर्डिंग. मी फुटपाथवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. कुणी चहा दिला, तो हातात धरून चालत राहिले. अकरा वाजता टेबल बंद होणार होतं. त्याचा आता आईशी काही संबंध नव्हता, तरी मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

दहा वीसला साधना आंटी आणि काका आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आंटी सायकल टाकून वळल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहून रस्त्याकडे बघू लागल्या.

दहा सदतीसला आई आली. धुकं तोवर विरलं होतं आणि ती लांबूनच दिसली. पाठीवर चिखलाची उभी रेघ, मान जरा डावीकडे कललेली. वेळेच्या तेवीस मिनिटं आधी. ती टेबलापाशी गेली नाही. फुटपाथच्या कडेला उतरली, सायकल खांबाला टेकवली आणि वाकून पायाचा चिमटा काढला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं मान हलवून नमस्कार केला, तोही अर्धाच.

सगळ्यांचा फोटो काढायचा ठरलं. साधना आंटी तिला ओढत होत्या. आईनं कुणाच्या तरी हातातला कॅमेरा घेतला आणि म्हणाली, "मी काढते. विश्वनाथजी, पोट आत. साधना, इधर देख, रो मत." तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात चौदा जण आहेत, सगळे तिच्याकडे बघून हसताहेत.

नोव्हेंबरच्या चारशेसाठी तिनं नाव दिलं होतं. ऑक्टोबरमध्ये तिला डेंग्यू झाला. नऊ दिवसांत गेली. तापात एकदा मला म्हणाली, "रद्द करायला सांग चिरागला, उगाच दुसऱ्या कुणाची जागा अडायला नको." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. निघायच्या दिवशी यादीत तिचं नाव होतं, पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. विश्वनाथ काकांनी मला नंतर सांगितलं की सकाळी आठला नावं पुकारताना चिरागनं ते पुकारलं. मग सगळे निघाले.

पण हे नंतरचं. त्या जानेवारीच्या सकाळी दुकानापासून घर साडेतीन किलोमीटर होतं. सायकल माझ्या गाडीत मावत नव्हती. आईला ती तिथं ठेवायची नव्हती.

"आता मागून येऊ का?" मी विचारलं. आवाज जरा चढाच लागला.

"ये की," ती म्हणाली. "आता कोण विचारतंय?"

ती पुढे, मी मागे. पहिल्या गिअरमध्ये. चारशे किलोमीटर चालवलेली बाई जशी चालवेल तशी ती चालवत होती, प्रत्येक पेडलला अंग थोडं एका बाजूला टाकत. सेक्टरच्या आतला रस्ता रविवारचा रिकामा होता. ऊन पडलं होतं. बाल्कन्यांतून रजया वाळत टाकलेल्या होत्या. मला हॉर्न वाजवावासा वाटत होता, ओलांडून पुढं जावंसं वाटत होतं, थांबून तिला मिठी मारावीशी वाटत होती. मी यातलं काही केलं नाही. अंतर ठेवून जात राहिले.

आमच्या सोसायटीचं वळण आलं. आईनं एकदा मागं वळून बघितलं. रस्त्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं उजवा हात खांद्याच्या रेषेत पूर्ण लांब केला, बोटं जुळवून, पुरेसा वेळ तसाच धरला, आणि मग वळली.